रिपोर्टातला तो ‘बंद’

काल फोनवर तू “ताई, उजवी नळी बंद आहे म्हणे,” एवढंच म्हणालीस आणि पुढे तुला बोलताच येईना. रात्रभर तुझा आवाज कानात होता. हा शब्द मीही एकदा वाचलाय गं, म्हणून आज सगळं सविस्तर सांगते.

आधी मला सांग, नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? नसेल तर या आठवड्यात करून घ्या. बिनदुखण्याची साधी तपासणी आहे ती, पण आपल्याकडे सून टेबलावर झोपून येते तरी मुलाचं नाव कुणी काढत नाही. मला याचा अजून राग येतो.

आता तुझा रिपोर्ट. तुझी झाली ती एचएसजी. एक्स-रेत दिसणारं औषध गर्भाशयाच्या तोंडातून आत सोडतात. ते गर्भनळ्यांतून पुढे जाऊन पोटात सांडलं, की रिपोर्टात ‘स्पिल’ लिहितात. फक्त उजवीच बंद लिहिली असेल, तर तुझ्या डाव्या बाजूला स्पिल असणार. म्हणजे एक वाट मोकळी आहे, आणि दिवस राहायला एक नळीही पुरते. रडण्याच्या भरात तू ती ओळ वाचलीच नसशील.

उजवी नळी कुठे बंद लिहिलीय, मुळाशी की टोकाशी? हा प्रश्न डॉक्टरांना विचारच. नळी गर्भाशयाला जोडलेली असते तिथे आतली वाट जेमतेम मिलिमीटरभर. दुखलं की तिथला स्नायू आवळला जातो, औषध पुढे सरकत नाही आणि फिल्मवर नळी बंद दिसते. माझं हेच झालं होतं. तीन महिने मी स्वतःला अपुरी समजत राहिले. पुढे पोटाला छेद देऊन दुर्बिणीने पाहिलं तेव्हा निळं औषध त्याच नळीतून सरळ बाहेर आलं. उलट आत एंडोमेट्रिओसिसचे डाग सापडले, जे एक्स-रेला दिसणं शक्यच नव्हतं.

१९९५ मध्ये काही अभ्यास एकत्र करून एचएसजी आणि दुर्बीण यांची तुलना झाली होती. नळी खरोखर बंद असलेल्या १०० जणींपैकी एचएसजीने सुमारे ६५ जणींचं बरोबर ओळखलं. नळ्या मोकळ्या असलेल्या १०० पैकी ८३ जणींना ती मोकळ्या म्हणाली, उरलेल्या १७ जणींना उगाचच बंद. त्या सतरांच्या रांगेत मी होते. तूही असू शकतेस.

टोकाशी बंद असेल आणि नळी पाण्याने फुगलेली दिसत असेल, तर मात्र दुर्लक्ष नको. ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि गर्भ रुजायला अडथळा होतो. म्हणून आयव्हीएफच्या आधी अशी नळी काढायला किंवा बांधायला सांगतात. क्षयरोगाचंही विचार. छातीत काहीही नसताना तो नळ्यांना धरतो, आणि आपल्या देशात हे कारण विरळ नाही.

सोनोग्राफीवर नळ्या बघायचीही पद्धत आहे. सलाइन आत सोडायचं आणि ते गर्भाशयामागे साठतंय का ते पाहायचं. आपल्या मुंबईतल्या सायनच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच यावरचा अनुभव प्रसिद्ध केला होता. यात एक्स-रे नाही आणि त्याच बैठकीत अंडाशय, गाठी दिसतात. पण पाणी साठलं म्हणजे निदान एक नळी मोकळी एवढंच कळतं. कोणती, ते सांगणं अवघड. म्हणून आता काही ठिकाणी फेस वापरतात, तो नळीतून जाताना पडद्यावर पांढरा उमटतो. नेदरलँड्समध्ये हजारावर स्त्रियांवर फेसाची तपासणी आणि एचएसजी ताडून पाहिली. कोणत्याही निकालावर पुढचे उपचार ठरवले तरी मूल होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, आणि फेसाला दुखलं कमी. मात्र बघणाऱ्याचा हात सरावलेला हवा, हे आधी विचारून घे.

नेदरलँड्समधलाच २०१७ चा आणखी एक अभ्यास आहे, १११९ स्त्रियांचा. एचएसजीला पाण्यातलं औषध न वापरता तेलातलं वापरलं, तेव्हा सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ४० जणींची गर्भधारणा टिकली, पाण्यातल्या औषधाने २९ जणींची. म्हणजे तपासणीच थोडा उपचार झाली. पण त्या तेलातलं आयोडीन शरीरात फार दिवस राहतं. तुला थायरॉइडची गोळी चालू आहे, ते सांगितल्याशिवाय हा विषय काढू नकोस.

दुर्बिणीसाठी भूल लागते, पोटाला छेद द्यावा लागतो. उठसूट कुणी करू नये. तरी तुझ्याबाबतीत माझं मन तिकडेच झुकतं. सहावीत तुझं अपेंडिक्स फुटलं होतं, आठवतं? पोटात तेव्हाचा चिकटा राहिला असेल तर तो एक्स-रेला नीट कळणार नाही. पाळीत तू दोन दिवस अंथरुणात असतेस, हेही डॉक्टरांना माहीत हवं. या दोन्ही गोष्टी तू सांगितल्या नसणार, मी ओळखते तुला. आजच कागदावर लिहून ठेव.

पुन्हा एचएसजी किंवा फेसाची तपासणी ठरलीच, तर रक्तस्राव थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. त्या पाळीनंतर तपासणी होईपर्यंत संबंध नकोत. तासभर आधी वेदनाशामक घ्यायचं का, विचार. मागच्या वेळी तुला कुणी सांगितलंच नव्हतं ना? नंतर थोडे डाग लागणं चालतं, पण ताप आला, पोट वाढत्या कळांनी दुखलं किंवा वास येणारा स्राव झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

फिल्मचा फोटो मला पाठव, नुसता रिपोर्ट नको. आणि आईला तू सांगू नकोस. रविवारी मी तिच्याकडे जातेय, तेव्हा मीच बोलते.