अर्धवट राहिलेली पदवी आणि श्रेयांकांचे पासबुक



१९१७ सालच्या जून महिन्यात बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. हा इतिहास आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो. त्यातील परवानगीचा भाग मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. शिक्षण सोडावे लागले तरी परतीची वाट त्यांनी रीतसर मोकळी ठेवली होती.

आम्ही तशी ठेवली नाही. १९९८ साली आम्ही एका महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतला. दुसरे वर्ष पास झालो आणि वडील अंथरुणाला खिळले. कॉलेज सुटले. पुढे बँकेत शिपाई म्हणून लागलो. स्थिरस्थावर झाल्यावर, २००४ साली, दुसऱ्या एका ठिकाणी राहिलेले एक वर्ष पूर्ण करावे म्हणून गेलो, तर खिडकीवरच्या इसमाने सांगितले, "इथे पहिल्या वर्षापासून बसावे लागेल." आम्ही मुकाट्याने बसलो. लेखी अर्ज केला नाही, नियम विचारला नाही. तीच पुस्तके पुन्हा वाचली, तेच शुल्क पुन्हा भरले. पदवी २००७ साली हाती आली. त्यानंतर कारकुनाची जागा मिळाली, पण ज्येष्ठतेच्या यादीत गेलेली दोन वर्षे आजही आमच्या नावापुढे दिसतात.

आज आपल्या वस्तीत असा वर्ष-दोन वर्षे शिकून थांबलेला मुलगा किंवा मुलगी बऱ्याच घरांत आहे. त्यांची वर्षे आमच्यासारखी बुडू नयेत, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी शिक्षण वर्षांनी मोजले जाई. वर्ष पास, नाहीतर नापास. आता ते श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिटने मोजले जाते. साधारण तीस तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक. या तीस तासांत वर्गातील तास, स्वाध्याय, प्रात्यक्षिक आणि घरचा अभ्यास हे सर्व धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या आराखड्यानुसार वर्षाला किमान ४० श्रेयांक होतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. काही विद्यापीठांत हा आकडा थोडा अधिक आहे.

याच आराखड्यात मध्येच थांबणाऱ्यांचीही सोय आहे. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. ८० श्रेयांक आणि असाच एक व्यावसायिक अभ्यासक्रम झाल्यास पदविका मिळते. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते. मात्र संपूर्ण पदवी सात वर्षांच्या आत पुरी करावी लागते.

श्रेयांकांची बँक

जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' स्थापन करण्याचे विनियम काढले. आम्ही बँकेतले असल्यामुळे ही व्यवस्था बँकेच्याच भाषेत सांगतो.

विद्यार्थ्याचे यात खाते असते. ते डिजिलॉकरमार्फत उघडता येते आणि त्याला बारा अंकी क्रमांक मिळतो. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. विद्यार्थ्याने एखादा विषय उत्तीर्ण केला की त्याचे श्रेयांक या खात्यात जमा होतात. पुढे तो दुसऱ्या संस्थेत गेला तर ते तिकडे वर्ग करता येतात, आणि पुरेसे झाले की पदवीसाठी वापरता येतात.

आपल्या बचत खात्यापेक्षा चार गोष्टी येथे निराळ्या आहेत, त्या नीट समजून घ्याव्यात.

पहिली, भरणा आपण स्वतः करू शकत नाही. ज्या संस्थेत शिकलो तिनेच श्रेयांक जमा करायचे असतात. म्हणून निकाल लागल्यावर खाते उघडून पाहावे. जमा दिसत नसेल तर त्याच आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

दुसरी, शिल्लक कायमची राहत नाही. श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंतच ग्राह्य असतात.

तिसरी, एकदा पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात. तेच श्रेयांक दाखवून दुसरी पदवी मिळत नाही.

चौथी, २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळवलेले श्रेयांकच ही बँक स्वीकारते. आमच्यासारख्या जुन्या मंडळींना तिचा उपयोग नाही. त्यांनी ज्या विद्यापीठात जायचे तेथे जुन्या गुणपत्रिका व अभ्यासक्रम जोडून सूट मिळते का, याचा लेखी अर्ज करावा. तोंडी नकारावर परत फिरू नये.

कमी खर्चाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी बारावीची. बारावीत दोन-तीन विषय राहिले म्हणून शिक्षण सुटलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., आहे. मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले जास्तीत जास्त दोन विषय, अटींत बसत असल्यास, तेथे वर्ग करून मिळतात. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक विषय दिला तरी चालतो.

दुसरी पायरी मुक्त विद्यापीठाची. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. तेथे मराठीतून शिकता येते आणि अभ्यासकेंद्रे गावोगावच्या महाविद्यालयांत आहेत. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचे. तेथे तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा असते आणि परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. नोकरी, मजुरी वा घरकाम सांभाळून शिकणाऱ्याला हे सोयीचे आहे. येथील खरी बचत केवळ शुल्काची नाही. वसतिगृह, खानावळ, रोजचे भाडे वाचते आणि हातची मिळकत सुटत नाही. ही दृष्टी आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते.

दूरशिक्षणाची पदवी दुय्यम, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त वा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

तिसरी पायरी 'स्वयम'ची. केंद्र शासनाने जुलै २०१७ मध्ये सुरू केलेली ही ऑनलाइन अभ्यासाची व्यवस्था आहे. व्याख्याने मोबाईलवर ऐकता येतात. नाव घालण्यास व शिकण्यास शुल्क नाही, फक्त परीक्षेला आहे. याच व्यवस्थेत आय.आय.टी. संस्थांचा एन.पी.टी.ई.एल. हा विभाग येतो. तेथे बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ आणि आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला २ श्रेयांक धरतात. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. पैकी स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण हवेत. २०२४ साली या परीक्षेचे शुल्क विषयास १००० रुपये होते आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना निम्मे होते.

आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'मधून घेण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. म्हणजे सत्रात पाच विषय असतील तर दोन. परंतु कोणते विषय चालतील हे आपले विद्यापीठ ठरवते. म्हणून आधी विचारावे आणि मगच परीक्षेचे पैसे भरावेत. मुख्य विषयाचे श्रेयांक कमी पडत असतील, तर इतर विषयांचे ढीगभर श्रेयांक असूनही पदवी मिळणार नाही.

अमेरिकेत १९६७ पासून 'क्लेप' नावाची परीक्षा आहे. वर्गात न बसता ती परीक्षा उत्तीर्ण झाले की ती मान्य करणारी कॉलेजे श्रेयांक देतात. परदेशी असलेल्या आपल्या बांधवांकडून असे ऐकून येथेही तसेच होईल, असे कोणी समजू नये. आपल्याकडे अभ्यासक्रमाला नाव घालून, स्वाध्याय देऊन, मग परीक्षा द्यावी लागते.

एक उदाहरण

समजा, एका मुलीने २०२३ साली बी.ए.चे पहिले वर्ष पूर्ण केले आणि घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडले. तिच्या खात्यात ४० श्रेयांक जमा आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. म्हणजे तिला ८० मिळवायचे आहेत, १२० नव्हे. मुक्त विद्यापीठाने ते ४० मान्य केले, तर एका संपूर्ण वर्षाचे शुल्क आणि एका वर्षाचे आयुष्य वाचले. राहिलेल्यांपैकी काही विषय तिने विद्यापीठाच्या परवानगीने 'स्वयम'मधून केले, तर अभ्यास घरी बसून होईल. मात्र २०२३ चे श्रेयांक २०३० च्या सुमारास कालबाह्य होतील. "लग्नकार्य उरकू, मग बघू" असे म्हणत राहिलो तर खाते आपोआप रिकामे होईल.

सावधगिरी

स्वस्त पदवीच्या नावाखाली बाजारात फसवणूकही मोठी आहे. "एका वर्षात पदवी", "मागील तारखेची गुणपत्रिका", "परीक्षेला बसण्याची गरज नाही" असे सांगणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ च्या कलम २२ मध्ये ठरवून दिले आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो, ती प्रवेशापूर्वी पाहावी. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे काय, तेही पाहावे. खोट्या गुणपत्रिकेवर लागलेली नोकरी तपासणीत जाते आणि वर गुन्हा दाखल होतो.

शुल्काच्या सवलतीविषयीही एक सांगावयाचे आहे. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्ध धर्मांतरितांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे. तेव्हा जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस आपला अभ्यासक्रम पात्र आहे काय, ते समाजकल्याण कार्यालयात प्रवेशापूर्वी विचारावे. दाखला नाही म्हणून पूर्ण शुल्क भरलेले पालक आम्ही दरसाल पाहतो.

सभासदांना विनंती

प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील व शेजारच्या अर्धवट शिकलेल्या एका मुलाला वा मुलीला गाठावे. तिच्या गुणपत्रिका ट्रंकेतून बाहेर काढाव्यात. श्रेयांकांचे खाते आहे की नाही ते पाहावे, नसेल तर उघडून द्यावे. शिल्लक किती आणि मुदत केव्हा संपते, हे दोन आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. मग विद्यापीठाला अर्ज करावा. अर्ज लिहिता येत नसेल तर लिहून द्यावा. बँक सुटल्यावर संध्याकाळी आमच्याकडे यावे, आम्हीही लिहून देऊ.

आणि जे विद्यार्थी आज शिकत आहेत, पण घरची परिस्थिती पाहता उद्या थांबावे लागेल अशी ज्यांना भीती आहे, त्यांना एकच सांगणे. थांबावे लागले तर लाजू नये. परंतु कॉलेज सोडण्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी हातात घ्याव्यात: उत्तीर्ण विषयांची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि श्रेयांक खात्यात जमा झाल्याची खात्री. बाबासाहेबांनी लंडन सोडताना परतीची परवानगी घेतली होती, ती तीन वर्षांनी कामास आली. आम्ही कॉलेज सोडताना काहीच घेतले नाही, म्हणून आमची दोन वर्षे गेली. तुमची जाऊ नयेत.