विद्येचे ऋण आणि त्याची फेड

उच्च शिक्षणास लागणारा पैसा कोणी व कोणत्या अटीवर द्यावा, हा प्रश्न जुनाच आहे. १९२५ साली निपाणीच्या बहिष्कृत परिषदेस आलेले डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेपायी राहावयास जागा मिळेना, म्हणून त्यांस नोकरी सोडावी लागली. पुढे संस्थानने खर्चाची रक्कम परत मागितली! फेडीची वाट समाजानेच बंद केली असता दोष ऋणकोचा कसा म्हणावा?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाचा मार्ग दाखविला. १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयात मुले कष्ट करून शिकली. आमच्या निपाणीचा विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातो, तेथवर घरचा पैसा कसाबसा पुरतो. परंतु अभियांत्रिकी वा वैद्यकीचे नाव निघाले की बँकेची पायरी चढावी लागते.

येथे थोडे गणित करू. दरसाल दर शेकडा १० व्याजाने ४ लक्ष रुपये आरंभीच घेतले असे धरा. शिक्षणाची चार वर्षे व सवलतीचे एक, अशा पाच वर्षांचे सरळ व्याज २ लक्ष होते. हे ६ लक्ष त्याच दराने दहा वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे ७,९३० रुपये पडतो. चाळीस हजार मिळविणाऱ्यास तो जड नाही. पंधरा हजारांवर लागलेल्याचा निम्म्याहून अधिक पगार त्यात जातो, आणि नोकरीच न मिळाली तर भार बापाच्या शेतावर येतो.

२०२४ साली मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीन यांवाचून कर्जाची सोय केली. हे योग्यच झाले. मात्र कर्ज सहज मिळणे व ते सहज फिटणे या निराळ्या गोष्टी होत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून फेडीची सांगड मिळकतीशी घातली आहे. ठराविक मर्यादेखाली मिळकत असेल तोवर काहीच द्यावे लागत नाही. ती ओलांडली म्हणजे करखात्यामार्फत वसुली होते. ज्यांचे ऋण फिटत नाही, त्यांची तूट सरकार सोसते. ही पद्धत आम्हांस अधिक न्याय्य वाटते, कारण बडोद्याच्या करारात नव्हती ती गोष्ट, म्हणजे ऋणकोच्या परिस्थितीचा विचार, तीत आहे.

तथापि ती येथे जशीच्या तशी चालणार नाही. तेथे मालक पगारातूनच रक्कम कापून घेतो. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि विडी वळणाऱ्या वा रोजंदारीने राबणाऱ्या घरांत पगारपत्रक कोठले? तेव्हा प्रारंभ पगारदारांपासून करावा, व इतरांचा हप्ता उत्पन्नाच्या दाखल्यावरून दरवर्षी ठरवावा, असे आम्हांस वाटते. तो दाखला खरा कसा मिळवावा, हे मात्र सोपे काम नव्हे.