मधली भाषा : दिल्लीतील स्थलांतरित मराठी मूल आणि त्याचे इंग्रजी

परप्रांतात जाऊन राहिलेल्या मुलाच्या इंग्रजी शिक्षणाचा विचार करताना आपण साधारणपणे दोनच भाषा डोळ्यांसमोर ठेवतो : त्याची मातृभाषा आणि इंग्रजी. भारतात ही मांडणी अपुरी ठरते. येथे या दोहोंच्या मध्ये बहुधा एक तिसरी भाषा उभी असते. शाळेच्या कागदोपत्री ती माध्यम म्हणून नोंदलेली असो वा नसो, इंग्रजी शब्दाचा अर्थ मुलाला सांगितला जातो तो तिच्यातूनच. दिल्लीत ही मधली भाषा हिंदी होय. दिल्लीत आलेल्या मराठी मुलाच्या उदाहरणावरून या मधल्या भाषेच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दिल्लीतील मराठी समाज एकजिनसी नाही. केंद्र सरकारच्या वा सैन्याच्या नोकरीत बदलीने येणारी कुटुंबे हा त्यातील एक वर्ग. १९६३ साली सुरू झालेली केंद्रीय विद्यालयांची योजना मुख्यतः अशा बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठीच होती. या घरांत इंग्रजी वाचणारे कोणीतरी असते. दुसरा वर्ग गलाईवाल्यांचा. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी आणि लगतच्या दुष्काळी मुलखातून, जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, माणसे देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. दिल्लीही त्याला अपवाद नाही. यांची मुले कधी गावी आजीपाशी वाढतात, तर कधी मधल्याच एखाद्या इयत्तेत दिल्लीत आणली जातात. ती इंग्रजीला सर्वस्वी अपरिचित नसतात, कारण महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. मात्र ते इंग्रजी त्यांना मराठीतून समजावलेले असते. दिल्लीत आल्यावर इंग्रजी तेच राहते. त्याखालचा आधार तेवढा बदलतो.

या बदलाचा परिणाम दाखविणारा एक प्रसंग मला येथील वास्तव्यात कळला. गावाकडून नुकत्याच आलेल्या एका मुलाच्या वर्गात बाईंनी इंग्रजीत चार वाक्ये लिहावयास सांगितली. विषय होता 'एज्युकेशन'. मुलांना समजावे म्हणून त्यांनी हिंदीत पुस्ती जोडली : 'अर्थात शिक्षा'. मराठी मुलाने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले, की ती त्याला आवडत नाही, तिच्याने हात दुखतो आणि मोठ्यांनी ती लहानांना देऊ नये. बाईंना तो उद्धटपणा वाटला. मुलाला मराठी अर्थाची शिक्षा झाली आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. त्याची वही मी पाहिली. त्यातील इंग्रजी सदोष होते हे खरे. पण त्याची खरी चूक इंग्रजीतली नव्हतीच. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, ही गोष्ट त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हती. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न आहे, मराठीत थट्टा. 'संसार' हिंदीत जग आहे, मराठीत घरप्रपंच. परक्या शब्दापुढे मूल निदान थबकते. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दापुढे ते थबकत नाही, आणि फसते.

लिपीच्या बाबतीतही असेच घडते. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, म्हणून मराठी मुलाला हिंदी 'येतेच' असे शिक्षक व पालक दोघेही गृहीत धरतात. प्रत्यक्षात एकच अक्षर दोन भाषांत दोन ध्वनी दाखविते. इंग्रजी शब्दांतील 'ॲ' हा स्वर मराठीत स्वतंत्र चिन्हाने लिहितात : 'बॅट', 'हॅट'. हिंदीत तोच उच्चार 'बैट', 'हैट' असा लिहिला जातो, कारण प्रमाण हिंदीत 'ऐ'चा उच्चार त्या स्वराजवळ जातो. मराठीत 'ऐ' हा 'अइ' असा संयुक्त स्वर आहे. फळ्यावरचे 'बैट' मराठी मूल 'बइट' असे वाचते, वर्ग हसतो, आणि दोष मात्र त्याच्या इंग्रजी उच्चाराच्या माथी मारला जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मधल्या भाषेमुळे मुलाजवळची आयती शिदोरी निरुपयोगी होते. मराठीत 'तो', 'ती', 'ते' अशी तृतीयपुरुषी सर्वनामाची तीन रूपे आहेत; इंग्रजीतही 'ही', 'शी', 'इट' अशी तीन आहेत. मराठी मूल खुर्चीला 'शी' म्हणेल हे खरे, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे. पण सर्वनामातून लिंगभेद दाखवावयाचा असतो ही जाण त्याला उपजत असते. हिंदीतील 'वह' हा भेद दाखवीत नाही. तिन्ही इंग्रजी रूपे 'वह' या एकाच शब्दाने समजावली, की मराठी मुलाला जे ठाऊक होते तेही झाकले जाते. 'ज'चेही तसेच. 'जागा'मधील 'ज' आणि 'जेवण'मधील 'ज' यांतील फरक मराठी मूल बोलताना अचूक करते. इंग्रजीतील 'झू' आणि 'जूस' यांचे आरंभध्वनी वेगळे कसे, हे त्याला या दोन घरगुती शब्दांच्या आधारे क्षणात जवळपास दाखविता येईल. पण ते दाखविणाऱ्याला मराठी माहीत असावी लागते.

एके काळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले इंग्रजी शिकली. त्या पद्धतीच्या कृत्रिमपणाची पुढे थट्टा झाली. तथापि इंग्रजी वाक्यासमोर मराठी वाक्य ठेवून दोहोंची तुलना करावयाची, हे तिचे मूळ तत्त्व तुच्छ नव्हते. वाघिणीचे दूध पचावयाचे, तर आधी आईच्या दुधावर पोसलेले अंग असावे लागते, एवढे त्यात गृहीत होते.

परदेशांत या प्रश्नाचा ऊहापोह स्थलांतरितांच्या संदर्भातच झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली असा निर्णय दिला, की ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांना इतरांसारखीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिल्याने समान वागणूक मिळाली असे होत नाही. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला भेदही येथे उपयुक्त आहे. संभाषणाची भाषा मुले एक-दोन वर्षांत उचलतात. पाठ्यपुस्तकातील विचाराची भाषा येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात, आणि मातृभाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. दिल्लीच्या गल्लीत वर्षभरात फर्डे हिंदी बोलू लागलेले मराठी मूल पाहून 'आता त्याला अडचण नाही' असे म्हणणारे या भेदाकडे दुर्लक्ष करतात.

आपल्याकडे तरतुदी नाहीत असे नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५० अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीचा निर्देश करतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात 'शक्य असेल तेथवर' मातृभाषेचे माध्यम सांगितले आहे. परंतु या तरतुदींचे लक्ष माध्यमावर आहे. शहरभर विखुरलेल्या मुलांसाठी प्रत्येक वस्तीत मराठी शाळा निघणे व्यवहारात शक्य नाही. आणि इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाला समजावणीची भाषा कोणती मिळते, याविषयी त्या आपल्याला फारसे काही सांगत नाहीत.

म्हणून मागणी माफक ठेवावी. हिंदी-मराठीतील फसव्या शब्दांची एक यादी, ध्वनी व लिपी यांतील भेदांचे एक लहान टाचण, आणि पहिल्या वर्षी शंका मराठीत लिहिण्याची मुलाला मुभा, एवढे प्रत्येक शाळेस करता येईल. टाचण तयार करणे हे विद्यापीठांतील भारतीय भाषाविभागांचे काम आहे. तौलनिक अभ्यास करणारे आपण दोन महाकाव्यांची तुलना करतो. दोन 'शिक्षां'ची तुलना आपल्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही. हेच टाचण बंगाली, ओडिया, तेलुगू मुलांसाठीही लागेल, आणि मुंबईत आलेल्या हिंदी भाषक मुलासाठी मराठीलाही आपण 'मधली भाषा' असल्याची जाणीव ठेवावी लागेल.

तो मुलगा आता बोलतो असे कळले. हिंदी उत्तम, इंग्रजी बरे. गावी आजीला पत्र मात्र त्याच्या वतीने वडील लिहितात. एका शब्दाच्या गैरसमजातून सुरू झालेले मौन इंग्रजीच्या तासापुरते राहत नाही. ते पुढे घरच्या भाषेवर येऊन बसते, आणि तेथून त्याला उठविणे अधिक कठीण असते.