ओट्स खा, पण कोणते?

“सकाळी ओट्स खात जा” हा सल्ला आता दवाखान्यात सर्रास मिळतो. तो ऐकून माणूस दुकानात जातो तेव्हा फळीवर दोन वेगळे पदार्थ एकाच नावाने मांडलेले असतात. एक साधे ओट्स, दुसरे मसाल्याचे किंवा गोड चवीचे, गरम पाणी घातले की तयार होणारे. आमच्या घरी माझ्या वडिलांच्या तब्येतीवर या फरकाचा परिणाम झाला. ज्यांच्या घरात रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

बाबांचा रक्तदाब जुना. त्यात कोलेस्टेरॉल थोडे वाढले आणि साखर काठावर आली. डॉक्टरांनी पोहे-साबुदाण्याऐवजी ओट्स सुचवले. आम्ही नवरा-बायको सकाळी लवकर कामावर निघतो, म्हणून बाबा नाश्ता स्वतःच करून घेतात. त्यांना सोयीचे म्हणून मसाला ओट्सची पाकिटे आली. उकळते पाणी, तीन मिनिटे आणि वाटी तयार. चव त्यांना आवडली. एका पाकिटाने पोट भरेना म्हणून दोन फोडू लागले, जोडीला लोणच्याची फोड. पुढच्या तपासण्यांत रक्तदाब वरच राहिला. गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्या बाईंनी सांगितले, “तुम्ही जे खाता त्याची पाकिटे घेऊन या.”

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 100 ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम लिहिले होते. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन कळते. 40 ग्रॅमच्या पाकिटात 400 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ. दोन पाकिटांत दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे बाबांच्या दिवसाच्या मर्यादेतले चाळीस टक्के मीठ सकाळी नऊच्या आत संपत होते. लोणचे, आमटी, भाजी, भाकरी सगळे त्याच्यावर. साध्या ओट्समध्ये मात्र सोडियम नगण्य असते. रक्तदाब केवळ त्या पाकिटांनी वाढला असे मी म्हणणार नाही. पण औषध म्हणून आणलेला पदार्थ औषधाच्या विरुद्ध काम करत होता, हे कागदावर स्पष्ट दिसले.

ओट्सची कीर्ती खोटी नाही. 40 ग्रॅम साध्या ओट्समध्ये सुमारे 150 कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिने आणि चार ग्रॅम तंतू मिळतात. त्यातला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू खरा कामाचा. तो पोटात चिकट होतो, पित्तातली आम्ले धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. नवीन पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते, म्हणून ते उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयरोगाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच तंतूच्या आधारावर. त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते. ओट्समध्ये ते साधारण चार टक्के असते. म्हणजे तीन ग्रॅमसाठी 75 ग्रॅम ओट्स हवेत. चवीच्या पाकिटात मसाला, मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि सुकवलेल्या भाज्या यांनाही जागा द्यावी लागते, म्हणून ओट्सचा वाटा तेवढा घटतो. पुढच्या बाजूला हृदयाचे चित्र असले, तरी त्या चित्रामागचे प्रमाण एका पाकिटात भरत नाही.

गोड चवींचा प्रश्न वेगळा आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे मुलांच्या नाश्त्याला ब्राउन शुगर आणि मेपल चवीची पाकिटे घरोघरी चालतात. 43 ग्रॅमच्या अशा पाकिटात साधारण 12 ग्रॅम साखर असते, म्हणजे तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत हवी. मुलांची मर्यादा त्याहून कमी. आपल्याकडे मध-बदाम किंवा फळांच्या चवीची जी पाकिटे मिळतात, त्यांचेही घटक असेच वाचायला हवेत. मध आणि गूळ लिहिलेले असले तरी शरीराच्या दृष्टीने ती साखरच.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इन्स्टंट ओट्स आधी शिजवून, अगदी पातळ दाबून सुकवलेले असतात, त्यामुळे ते पटकन पचतात. जाड रोल्ड ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती लवकर चढवतो त्याचे माप, 55 च्या आसपास असतो, तर इन्स्टंटचा 75 ते 80. म्हणजे साखर न घातलेले इन्स्टंट ओट्सही रक्तातली साखर लवकर चढवतात. शक्य असेल तर रोल्ड किंवा स्टील-कट घ्या आणि सोबत दूध, दही, अंडे किंवा मूठभर शेंगदाणे ठेवा.

दुकानात उभे असताना चार गोष्टी बघा. पहिली, घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून मीठ, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यादीत किती वर आहे ते पाहा. साध्या ओट्सच्या यादीत एकच शब्द असतो. दुसरी, सोडियम. अडीचने गुणा आणि पाच ग्रॅमशी ताडून पाहा. तिसरी, वरून घातलेली साखर. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ती एकूण साखरेपासून वेगळी छापलेली असते. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा. चौथी, एका वेळचे प्रमाण. वेष्टनावर एका वाढीचे आकडे असतील आणि तुमच्या घरी दोन वाढी खाल्ल्या जात असतील, तर सगळे आकडे दुप्पट धरा.

बाबांना “पाकीट बंद” एवढेच सांगून भागले नसते. त्यांना झटपट होणारे काहीतरी हवेच होते. आहारतज्ज्ञ बाईंनी घरचे कोरडे मिश्रण करायला सुचवले. अर्धा किलो रोल्ड ओट्स मंद आचेवर भाजायचे. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, भरपूर कढीपत्ता आणि शेंगदाणे अशी फोडणी करायची, कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्यायचा. फोडणी ओट्समध्ये मिसळून त्यात सपाट एक छोटा चमचा मीठ घालायचे आणि गार झाले की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. यात साधारण बारा वाढी होतात आणि प्रत्येकीत अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ जाते. सकाळी मिश्रणात पाणी आणि किसलेले गाजर किंवा मटार घालून पाच-सात मिनिटे शिजवायचे, वरून लिंबू पिळायचे. लिंबाने मिठाची उणीव जाणवत नाही. बाबा आता हेच करून घेतात. पुढे त्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. त्यात गोळीचा आणि लोणचे बंद केल्याचाही वाटा आहे.

ओट्स आवडत नसतील तर ओढूनताणून खाऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत ज्वारीत 100 ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम आणि नाचणीत 11 ग्रॅम तंतू दिले आहेत. बीटा-ग्लुकनचा गुण ओट्सचा आणि जवाचा, पण पोटभर आणि तंतूयुक्त नाश्ता म्हणून ज्वारीची उकड किंवा नाचणीचे आंबील कुठेही कमी नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या थोरांना ओट्स सांगितले, तर तिथेच विचारा: कोणते, किती, कशाबरोबर? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि किराणा आणणाऱ्याच्या हातात तीच चिठ्ठी द्या.