धडधाकट लेकराचा टू-डी इको

शाळेत आरोग्य पथक येतं, डॉक्टर छातीला नळी लावतात आणि चिठ्ठीवर लिहितात, ‘मर्मर, टू-डी इको करावा’. मग ‘लेकराच्या काळजाला छिद्र आहे’ ही बातमी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर चिठ्ठीच्या आधी पोचते. घाबरू नका. वाढत्या वयाच्या निदान निम्म्या निरोगी मुलांत कधी ना कधी मर्मर, म्हणजे हृदयाचा असा जादा आवाज, ऐकू येतो, आणि अंगात ताप असला की तो जास्तच ठळक होतो.

तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नका. त्यात सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत, साधारणपणे उपाशीही राहावं लागत नाही. मुलाला डाव्या कुशीवर निजवून छातीवर गार जेली लावतात. पडद्यावर लाल-निळं दिसलं की आया विचारतात, निळं म्हणजे खराब रक्त का हो? तसं नाही. यंत्राच्या दिशेनं येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं. खरं काम वेगाचं. निरोगी मुलाच्या महाधमनीत रक्त सेकंदाला साधारण दीड मीटर वेगानं धावतं. झडप अरुंद असेल तर हा वेग वाढतो. वेगाचा वर्ग करून त्याला चारनं गुणलं की झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक कळतो. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर फरक पाऱ्याचे ६४ मिलिमीटर. पूर्वी यासाठी हृदयापर्यंत नळी घालावी लागे. मूल रडत असलं की वेग उगाच वाढतो, म्हणून आधी पोटभर पाजा-खाऊ घाला आणि खुशाल मोबाइल हातात द्या. एवढ्यापुरती माझी हरकत नाही.

उंची-वजन सांगितल्याशिवाय इको करू नका. मुलाच्या हृदयाचं माप त्याच्या अंगकाठीवरूनच ठरतं. रिपोर्टात ‘ट्रिव्हियल टीआर’ दिसलं तर झोप उडवून घेऊ नका. झडपेतून थेंबभर रक्त मागं येणं धडधाकट मुलांतही सर्रास दिसतं. बाकी सगळं नीट असेल तर औषध नको, खो-खो बंद करणं नको, दर सहा महिन्यांनी नवा इकोही नको. काहीच तक्रार नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून पैसे घालवणं तर मला अजिबात पटत नाही.

पथकानं पाठवलं असेल तर खिशात हात घालण्याआधी चिठ्ठी जपून ठेवा. ही पथकं ज्याची, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची पुढची तपासणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया त्यात मोफत होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक येतं.

पण दूध पिताना बाळाला घाम फुटत असेल, वजन वाढत नसेल, ओठ-जीभ निळी पडत असेल किंवा पळताना मूल भोवळ येऊन पडलं असेल, तर पथकाची वाट पाहू नका. त्याच दिवशी परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठा.