३क्ष − ४य तसंच राहू दे

चि. मुक्ता,

वहीच्या पानाचा फोटो पाहिला. उत्तर बरोबर आहे, पण त्यासाठी पाऊण पान खर्ची घातलंस.

३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −१) मधून जाणारी रेषा हवी होती. तू आधी य एकटा केलास, चढ ३/४ काढलास, सूत्रात घातलास, अपूर्णांक घालवलेस आणि शेवटी आलीस ३क्ष − ४य = १० वर. निघतानाही हातात ३क्ष − ४य च होतं ना? मग ते मोडायचंच कशाला? त्यातच बिंदू घाल: ३×२ − ४×(−१) = १०. झालं गणित.

हे का चालतं ते मात्र नीट बघ, नाहीतर ही नुसती युक्ती होईल आणि महिन्याभरात विसरशील. चढ ३/४ आहे, म्हणजे क्ष ४ ने वाढला की य ३ ने वाढतो. तेव्हा ३क्ष मध्ये १२ ची भर पडते आणि ४य मध्येही १२ चीच. वजाबाकी होती तेवढीच राहते. म्हणून मूळ रेषेवरचा कुठलाही बिंदू घे, ३क्ष − ४य ची किंमत −७ च येणार. तिला समांतर असलेल्या प्रत्येक रेषेची अशी स्वतःची एक किंमत असते. आपल्या रेषेची १० आहे, एवढंच शोधायचं होतं. त्याला एक बिंदू पुरतो, कारण रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाच्या जागी प्लेफेअरनं १७९५ मध्ये घेतलेलं विधान ते हेच.

क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेला तर चढच नसतो, छेदात शून्य येतं. तिथे तुझी रीत अडेल; या रीतीनं त्याच (२, −१) बिंदूतून क्ष = २ लगेच मिळतं.

प्रश्नात चढ काढायला सांगितला असेल तर निमूटपणे काढ, गुण पायऱ्यांना असतात. पर्यायांत ६क्ष − ८य = २० दिसलं तर बिचकू नकोस, २ ने भागून बघ. आणि बिंदू घातल्यावर −७ च आले, तर तो बिंदू मूळ रेषेवरचाच आहे.

आता या दोन रेषांमधलं लंब अंतर काढ. किमतींमधला फरक १७ आहे. त्याला कशानं भागायचं ते तू शोध. उत्तर ३.४ यायला हवं. रविवारी फोनवर विचारीन.

तुझी,
आत्या