कोरी, सकर आणि चाकणचा उन्हाळा

प्रश्न : मी चाकणला राहतो. तीन फुटी टाकीत पांढरी कोरी, पेपर्ड कोरी (दोन्ही कोरीडोरस मासे) आणि सकर मासा एकत्र ठेवता येतील का? पाणी बोअरचे आहे.

उत्तर : कोरीच्या दोन जाती भांडत नाहीत, पण एकमेकींची सोबतही फारशी करत नाहीत. पांढऱ्या तीन, पेपर्ड तीन असे आणू नका. प्रत्येक जातीचे किमान सहा हवेत, नाहीतर ते कोपऱ्यात दबून बसतात. तीन फुटी टाकीत एवढे मावतात.

खरी अडचण उष्म्याची आहे. पेपर्ड कोरीला २० ते २४ अंशांचे पाणी मानवते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकी सहज ३० च्या वर जाते. तिच्याऐवजी स्टर्बाय कोरी घ्या, ती २८ अंशांपर्यंत आनंदात राहते. पाणी त्याहूनही तापते, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप रात्रीही चालू हवा.

तळाला टोकदार खडी नको, बारीक गुळगुळीत वाळू घाला. कोरी वाळूत तोंड खुपसून खाते, खडीने तिच्या मिशा झिजतात. बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाका.

बोअरचे पाणी जड असते, तेव्हा टीडीएस तपासून गरज पडल्यास आरओचे पाणी मिसळा. पिंपरी-चिंचवडच्या नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी आधी क्लोरीन काढावे.

सकर मात्र आणूच नका. दुकानात बोटभर दिसणारा हा मासा फूटभराहून मोठा होतो. आधीच घरात असेल तर दुकानदाराला परत द्या. इंद्रायणीत किंवा पवनेत कृपा करून सोडू नका. परदेशी सकरने देशातल्या अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या जागा बळकावल्या आहेत.